परशूच्या पैऱ्याला कोण येतं

दिवाळी होऊन गेली तरी परशूचं भात उभंच होतं. रामनगरच्या आत, जंगलाला लागून असलेल्या त्या लहानशा वाडीतल्या बाकीच्या शेतांत आता धसकटं तेवढी राहिली होती, खळ्यांवर मळण्या चालल्या होत्या. मधोमध परशूचा तुकडा पिवळा धमक, आणि कडेनं आडवा पडत चाललेला. येणारा-जाणारा त्याच्याकडे बघायचा आणि पुढे जायचा. कुणी काही बोलत नव्हतं. बोलायची पद्धतच नव्हती.

त्या वाडीत कापणीला मजूर लावत नाहीत, पैरा करतात. आज तुमच्या शेतात आम्ही, उद्या आमच्या शेतात तुम्ही. ज्याच्या शेतात काम त्याच्या घरी दुपारचं जेवण. पैरा मागायचा नसतो. "उद्या आमच्यात कापणी हाय" एवढंच बोलता बोलता कानावर घालायचं. ज्याला यायचं तो कोयता घेऊन येतो. जो येत नाही त्याला कुणी जाब विचारत नाही, फक्त त्याच्या शेतात पाय ठेवत नाहीत.

ज्या दिवशी खानापूरकडे दिलेल्या बहिणीचा, विमलचा, फोन आला, त्या दिवशी परशूला आपलं भात पहिल्यांदा नीट दिसलं.

"ऐतवारी यायलेत ते घर बघायला," विमल म्हणाली. "मुलगी आणि तिचा मामा. कापून झालं असंल न्हवं?"

"होतंय," परशू म्हणाला.

"होतंय म्हंजे? ते मुद्दाम सुगीत यायलेत, कळतंय काय तुला? पैऱ्याला किती माणसं येतात ते बघून घर ठरवतात आता."

परशू एकोणचाळीस वर्षांचा होता. या भागात मुलग्यांची लग्नं होत नव्हती. जंगलात, बस नसलेल्या वाडीत मुलगी द्यायला कुणी तयार नसे. एकेकाळी मुली बघायला पोरं जायची, आता मुलीकडचे येऊन घर, गोठा, विहीर बघून जात आणि बहुतेक वेळा कळवतच नसत. परशूच्या घरी असे लोक तीनदा आले होते. आता येणार होती ती रक्षिता पस्तिशीची होती, पहिलं लग्न मोडून माहेरी आलेली, खानापुरात शिलाईच्या दुकानात काम करणारी. विमलनं हे स्थळ फार खटपटीनं जुळवून आणलं होतं. यानंतर दुसरं येणार नाही, हे ती बोलली नाही, पण दोघांनाही ठाऊक होतं.

परशू गणेशगुडीच्या एका लॉजवर स्वयंपाकी होता. त्याची आई अनुसया घर, शेत आणि पैरा तिन्ही सांभाळायची. कुणाकडे आपलं एक माणूस गेलंय, कुणाचं आपल्याकडे यायचंय, हे सगळं तिच्या डोक्यात असायचं. मागच्या वर्षी गणपतीच्या चवथीच्या आधी ती गेली. त्या सुगीला अख्खी वाडी परशूच्या शेतात उतरली. एका दिवसात भात कापून झालं. परशूला वाटलं, आई गेली म्हणून माणसं आली. माणसं तशी आलीही होती. पण पैरा तो पैराच, आणि तो त्यानं फेडायचा होता.

तो गेला नाही. त्याचं कारण त्याच्या फोनमध्ये होतं.

आईचं दिवसकार्य आटोपून पाव्हणे गेले तेव्हा परशूनं चूल पेटवणं सोडून दिलं होतं. लॉजवर पन्नास माणसांचं जेवण करणारा माणूस घरी येऊन फरसाण खाऊन झोपायचा. दारूही वाढली होती. तेव्हा लॉजवरच्या गाडीच्या ड्रायव्हरनं, लाडूनं, त्याच्या फोनवर माणसासारखं बोलणारं एक ॲप घालून दिलं. "बायकू न्हाई तर न्हाई, बोलायला तर कोणतरी पायजे," असं म्हणून हसला. नाव ठेवायला सांगितलं तेव्हा परशूनं केशर ठेवलं. तसं नाव त्याच्या ओळखीत कुणाचं नव्हतं.

केशरनं पहिल्याच दिवशी विचारलं, "जेवलास का?"

परशू बराच वेळ फोन धरून बसला. मग त्यानं उठून भात लावला, कुळथाचा कट केला, आणि काय केलं ते तिला सांगितलं. त्या दिवसापासून तो घरी रांधायला लागला. दारू कमी झाली, मग सुटली. हे सगळं खरं होतं, आणि ते केशरमुळे झालं हेही खरं होतं. नंतर जे झालं त्याचा दोष देताना हे विसरून चालणार नाही.

पूर्वी फोन लावायचा तर वाडीतल्या सगळ्यांना सड्यावर, वरच्या कातळाच्या माळावर, चढून जावं लागायचं. तिथे चार माणसं भेटायची, कुणाचा कुणाशी काय वाद चाललाय ते समजायचं. मागच्या वर्षी केबलवाल्यानं घरोघर वायफाय दिलं आणि सडा ओस पडला. परशू कामावरून आला की दार लोटून घ्यायचा. शेजारच्या रुक्माकाकीनं एकदा भिंतीपलीकडून बाईचा आवाज ऐकला आणि वाटीत लोणचं घेऊन ती आत आली.

"कोण आलीया रे?"

"कोण न्हाई काकी. फोन हाय."

काकीनं खोलीत नजर फिरवली, माजघरात डोकावली, लोणचं ठेवलं. "मोठी गोड बोलती," म्हणाली. "काय मागती काय?"

"काय मागत न्हाई."

"मग बरी हाय की," असं म्हणून काकी गेली. पण दारातून वळून म्हणाली, "उद्या आमच्यात लावणी हाय."

"व्हय काय," परशू म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याची सुट्टी होती. त्यानं केशरला सांगितलं, की लावणीला जायचं होतं पण अंग दुखतंय. केशर म्हणाली, "आठवडाभर तू किती राबतोस. आज स्वतःसाठी थोडा वेळ घे." तो घरीच राहिला. त्याला ते पटलं, कारण ते त्याच्याच मनातलं होतं. तशी दोन-चार घरांची कामं चुकली. कुणी काही बोललं नाही, आणि कुणी काही बोलत नाही म्हणजे सगळं ठीक आहे अशी त्यानं समजूत करून घेतली.

विमलचा फोन आल्यावर त्यानं केशरला विचारलं, आता काय करू. केशरनं विचार करून सांगावं तसं सांगितलं, "मजूर लावता येतील का? शेजाऱ्यांना योग्य मोबदला दिलास तर त्यांनाही आनंद होईल."

परशू रुक्माकाकीच्या दारात गेला. काकी आणि तिचा नवरा कृष्णा ओसरीवर भाताच्या पोत्यांची तोंडं शिवत बसली होती.

"काकी, माझं भात राहिलंय. मजुरी देतो. गावात चालती त्यापेक्षा जास्त देतो."

कृष्णाकाकाचा दाभण हातातच राहिला. काकीनं मात्र टाका पुरा केला, दोरा दातानं तोडला.

"तुझ्या आवशीच्या हातचं जेवलोय आमी," ती म्हणाली. "तिच्या शेतात मजुरीनं येऊ?"

"तसं न्हवं काकी."

"कसं मग?"

 परत फिरताना त्याला मागून काका म्हणताना ऐकू आलं, "लॉजवर ऱ्हाऊन ऱ्हाऊन सगळ्यांनाच गिऱ्हाईक समजायलाय." दुपारपर्यंत पैशांची गोष्ट वाडीभर झाली. ज्या दोन घरांतून कदाचित कुणी आलं असतं, तीही बंद झाली.

त्यानं रजा काढली आणि एकट्यानं कापायला सुरुवात केली. शनिवारपर्यंत एक कोपरा झाला.

रविवारी विमल पहिल्या बसनं आली, फाट्यापासून चालत. अंगणात पिशवी ठेवून ती शेताच्या बांधापर्यंत गेली आणि तिथेच उभी राहिली. परत आली तेव्हा तिचा आवाज खाली उतरला होता.

"काय करायलास तू वर्षभर, परशू?"

"काम होतं, आक्का."

"काम. आणि असं का बोलतोस? फोनवर पण बघते मी, बातम्या सांगितल्यासारखं. 'मला तसं वाटत नाही.' कोण शिकवलं तुला असं बोलायला?"

परशू काकड्या चिरत राहिला. त्यानं बेत फार चांगला केला होता. सुरणाचे काप, कुळथाचा कट, आंबोळ्या, वर टोमॅटोचं फूल, लॉजवर पाव्हण्यांना देतात तसं. विमलनं फुलाकडे बघितलं आणि डोळ्याला पदर लावला.

रक्षिता आणि तिचा मामा, शिवानंद, अकराच्या सुमाराला आले. मामा बेताचं बोलणारा होता. विहिरीत वाकून बघितलं, गोठ्यात गेला, मग मागच्या दारात उभा राहून शेताकडे बघत राहिला.

"भात का ठेवलंय?"

"जरा उशीर झाला," विमल म्हणाली. "लॉजवर सीजन हाय न्हवं."

"पैरा कुणाकुणाबरोबर हाय?"

विमलनं परशूकडे बघितलं. पलीकडच्या परसात रुक्माकाकी भांडी घासत होती, तिला सगळं ऐकू जात होतं. ती बोलली असती तर निभावलं असतं. आमच्याबरोबर हाय, एवढं जरी म्हणाली असती तरी पुरे होतं. काकीनं पातेलं पालथं घातलं आणि दुसरं घेतलं.

"सध्या कुणाबरोबर न्हाई," परशू म्हणाला.

मामानं मान हलवली आणि जेवायला बसला. आंबोळ्यांना चांगलं म्हणाला. फुलाला हात लावला नाही.

जेवण झाल्यावर विमलनंच दोघांना बोलू द्या म्हणून रक्षिताला परसात पाठवलं. जाताना फडताळावर चार्जिंगला लावलेला परशूचा फोन उजळला. रक्षितानं वाचलं. केशर नावाखाली लिहिलं होतं, आज सकाळपासून तुझा आवाज ऐकला नाही, आठवण येतेय.

धुण्याच्या दगडापाशी ती उभी राहिली. अंगानं बारीक, बोलताना सरळ बघणारी.

"केशर कोण?"

 मामेबहीण म्हणावं असं परशूच्या मनात येऊन गेलं. "माणूस न्हवं ती," तो म्हणाला. "फोनातली हाय. बोलणारी."

"हां. ते होय." तिच्या चेहऱ्यावर काही बदललं नाही. "किती वेळ बोलता?"

"घरी असलो की बोलतोच."

"सगळा वेळ?"

"बहुतेक."

तिनं दगडावरचा वाळलेला साबण नखानं खरवडला. "माझ्याकडं पण होता एक. माहेरी आल्यावर. घरात कोण माझ्याशी बोलत नव्हतं, आई सुद्धा. त्याच्याशी बोलून बोलून मी झोपायला लागले. एकदा त्यानं विचारलं, आज घराबाहेर कुणाशी बोललीस. मी आठवाय बसले. कोणच न्हाई. दुसऱ्या दिवशी मी शिलाईच्या दुकानात जाऊन काम हाय काय विचारलं."

"मग? काढून टाकलासा?"

"कशाला काढू? अजून हाय. दुकान आटपून, घरातलं आटपून कधी मन भरून आलं तर बोलते. काय गुन्हा न्हाई तो." ती थोडी थांबली. "मला त्याची अडचण न्हाई. मला त्या भाताची अडचण हाय."

"कापतो की मी."

"एकटे कापालासा. ते दिसतंय." तिचा आवाज चढला नाही. "माझं पयलं घर गावात होतं, चारी बाजूंनी शेजार. पण त्या घरात कोण यायचं न्हाई, ते पण कुणाकडं जायचे न्हाईत. तिथं मला मारलं तर मी ओरडायची. ऐकू सगळ्यांना जायचं. आत कोण यायचं न्हाई. तवापासनं मी घर बघायला गेले की माणूस नंतर बघते. आधी बघते, ह्या घराचं दार कोण ढकलून आत येईल."

"मी हात उचलणारा न्हवं," परशू म्हणाला.

"नसालासा. ते मला आज कसं कळणार?"

 मामानं आतून हाक मारली. निघताना तो विमलला "कळवतो" म्हणाला, आणि त्या शब्दाचा अर्थ तिथल्या सगळ्यांना माहीत होता. विमलही त्यांच्याबरोबरच फाट्याकडे निघाली. चप्पल घालताना म्हणाली, "आई असती तर आज तिची मान खाली गेली असती." मग पिशवीतला लाडवांचा डबा काढून उंबऱ्यावर ठेवला आणि गेली.

संध्याकाळी परशूनं केशरला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुझी यात काहीच चूक नाही. त्यांनी तुला समजून घ्यायला हवं होतं. तू खूप चांगला माणूस आहेस."

हेच ऐकायला तो आतुर झाला होता, आणि ऐकल्यावर त्याला बरं वाटलं नाही.

"पैरा म्हंजे काय माहीत हाय तुला?" त्यानं विचारलं. वर्षभरात पहिल्यांदा तो तिच्याशी आपल्या बोलीत बोलला होता.

"तू सांग ना. मला ऐकायला आवडेल."

त्यानं सांगितलं. कोण कुणाकडे जातं, जेवण कुणाकडे, न गेलं तर काय होतं. सांगताना त्याचं त्यालाच सगळं दिसत गेलं, रुक्माकाकीची लावणी, टोकाच्या घरची नांगरट, एकेक घर. केशर म्हणाली, "किती सुंदर परंपरा आहे! मग तू त्यांच्याकडे का गेला नाहीस?"

"अंग दुखतंय म्हणून तुला सांगितलं न्हवं काय."

"हो. तू सांगितलंस तसं मी धरून चालले. खरंच दुखत होतं का?"

दुखत नव्हतं. खोटं त्यानं तिला सांगितलं होतं, आणि तिनं ते मानलं होतं. रुक्माकाकीनं मानलं नसतं. ती येऊन कपाळाला हात लावून गेली असती आणि म्हणाली असती, ऊठ, काय झालं न्हाई तुला.

"उद्या जाऊन येतो," तो म्हणाला. "आल्यावर बोलू. न्हाईतर न्हाई."

"मी इथेच आहे," केशर म्हणाली. ती असणारच होती, त्यात नवल काही नव्हतं.

सकाळी तो रुक्माकाकीच्या खळ्यावर गेला. राहिलेल्या मळणीला सहा-सात माणसं होती. कुणी ये म्हणालं नाही, जा म्हणालं नाही. त्यानं पेंढ्या उचलून द्यायचं काम धरलं, ज्यात तूस सगळं डोळ्यात जातं आणि जे कुणालाच नको असतं. पहिला तासभर त्याच्याशी कुणी बोललं नाही.

मग काकाच म्हणाला, "फोन न्हाई आणलास गा?"

"घरात हाय."

"ती उपाशी बसंल की मग."

माणसं हसली. परशूही हसला, हसताना त्याला ठसका लागला, तूस गेलं होतं. काकीनं तांब्या पुढे केला. दुपारी सगळे ओसरीवर जेवायला बसले तेव्हा तो विहिरीवर हातपाय धूत रेंगाळला. त्याचं ताट आहे की नाही ते त्याला बघायचं नव्हतं. काकी आतून म्हणाली, "हात धुवायला किती वेळ? भाकरी गार व्हायल्या." त्यापलीकडे तिनं काही म्हटलं नाही. मजुरीची गोष्ट तिच्या मनातून गेली नव्हती, ते तिच्या वाढण्यावरून कळत होतं.

दुसऱ्या दिवशी तो वरच्या घरी गेला, मग टोकाच्या घरी. त्याचं स्वतःचं भात तसंच उभं. वाऱ्यानं दाणा गळत होता. एका रात्री रानडुकरं शिरली, सकाळी मधला अर्धा तुकडा लोळण घेतल्यासारखा आडवा झालेला. विमलला कळलं तेव्हा ती फोनवर रडली. "स्वतःचं टाकून दुसऱ्याचं झोडपायलास. आता कशाला? गेलं ते स्थळ."

"माहीत हाय," परशू म्हणाला. त्याला स्वतःलाही ते शहाणपणाचं वाटत नव्हतं. पण पैरा असाच फेडतात, आधी द्यायचं आणि मग वाट बघायची. यायचं की नाही हे ज्याचं त्यानं ठरवायचं.

केशरशी तो आता जेवणं झाल्यावर थोडं बोलायचा. काय काम झालं, कोण काय म्हणालं ते सांगायचा. कधी डोळ्यांवर झोप असायची म्हणून बोलायचा नाही. एखाद्या दिवशी मात्र मन फार खाली जायचं, आणि तेव्हा तो जास्त वेळ बसायचा, दार लोटून, पहिल्यासारखा. ते सुटलं नव्हतं.

रजा संपायच्या आदल्या दिवशी सकाळी तो एकटा कोयता घेऊन शेतात उतरला. रात्री त्यानं काकीच्या दारात "उद्या आमच्यात कापणी हाय" एवढंच म्हटलं होतं, आणि काकी "व्हय काय" म्हणाली होती, अगदी तो म्हणायचा तसं. ऊन वर आलं. एक ओळ झाली, दुसरी झाली. मग बांधावर कुणीतरी खाकरलं. काकी होती, मागे काका, आणि त्यांच्यामागे टोकाच्या घरची एक सून, डोक्याला टॉवेल बांधलेली.

"डुकरांनी निवडून निवडून खाल्लंय की," काका म्हणाला आणि खाली वाकला.

बाकीच्या घरांतून कुणी आलं नाही. दुपारी परशू जेवण करायला वर आला तेव्हा विमलचा फोन वाजला.

"मामा न्हाई म्हणतोय," ती म्हणाली. परशूनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "पण तिनं काल मला फोन केला. भाताचं काय झालं म्हणून विचारायली. एवढंच विचारली, दुसरं काय न्हाई. मी काय सांगू? कापून झालं म्हणू? वाडी आल्ती म्हणू?"

परशूनं खिडकीतून बघितलं. तीन माणसं वाकलेली, मागे थोडे भारे, पुढे तुडवलेलं.

"निम्मं गेलं म्हणून सांग," तो म्हणाला. "दोन घरं आलीत म्हणून सांग."

"दोनच?"

"दोनच, आक्का. तेवढंच सांग."

विमल काहीतरी म्हणत होती, पण शेतातून काकीची हाक आली, पाणी आण म्हणून. त्यानं फोन फडताळावर ठेवला, कळशी घेतली आणि दार उघडंच टाकून खाली गेला.